कॉलेजचे फॉरवर्ड आणि एनबीएचा ड्राफ्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला, एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी एकामागून एक नवे खेळाडू निवडून घ्यायचा कार्यक्रम, जवळ आला की आमच्या बास्केटबॉलवेड्या मित्रमंडळींत तेच ते प्रश्न फिरून येतात. हा पोरगा कॉलेजात सामन्याला पंचवीस गुण मारतोय, मग पहिल्या पाचात का नाही? तो दुसरा दहाच मारतो, त्याला एवढं वर कसं धरलंय? दर वर्षी तीच उत्तरं नव्याने टाईप करायचा कंटाळा आला, म्हणून ही एकदाची लिहून ठेवतो. फक्त फॉरवर्डबद्दल. गार्डांचं (बॉल खेळवणारे) आणि सेंटरांचं (रिंगखालचे उंच) गणित वेगळं आहे.

फॉरवर्ड म्हणजे नेमका कोण?

आपल्याकडच्या कोर्टांवर ज्यांना "तीन नंबर" आणि "चार नंबर" म्हणतात, ते. तीन नंबर म्हणजे स्मॉल फॉरवर्ड, चार नंबर म्हणजे पॉवर फॉरवर्ड. जुन्या काळी चार नंबरवाला रिंगखाली धक्काबुक्की करायचा आणि तीन नंबरवाला बाहेरून आत घुसायचा. आता एनबीएत ही भिंत जवळजवळ पडली आहे. संघ पोझिशन कमी विचारतात. ते दोन प्रश्न विचारतात: हा कोणाला धरणार? आणि बॉल याच्या हातात नसताना हा उभा कुठे राहणार? पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच दोन प्रश्नांवर येतील, आधीच सांगून ठेवतो.

ड्राफ्ट चालतो कसा, थोडक्यात सांगा.

तीस संघ, दोन फेऱ्या. प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) न पोहोचलेल्या १४ संघांची वरच्या क्रमांकांसाठी सोडत निघते. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी मिळत आली, म्हणजे मुद्दाम हरून फार काही हाती लागू नये अशी सोय. २०२५ मध्ये डॅलसची संधी अवघी १.८ टक्के होती, तरी चिठ्ठी त्यांचीच निघाली आणि ड्यूक विद्यापीठाचा फॉरवर्ड कूपर फ्लॅग त्यांच्या पदरात पडला. अमेरिकन खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं लागतं. म्हणूनच तर ही मुलं कॉलेजात एक वर्ष काढताना दिसतात. पहिल्या फेरीत निवडलेल्याला दोन वर्षांचा पक्का करार मिळतो, पुढची दोन वर्षं संघाच्या मर्जीवर.

कॉलेजात धो धो गुण मारणारा फॉरवर्ड एनबीएत का अडखळतो?

तीन नावं घेऊ. २००६ मध्ये गॉन्झागाचा अॅडम मॉरिसन सामन्याला २८.१ गुण मारून देशात पहिला होता. २००७ मध्ये टेक्ससच्या केविन ड्युरंटने २५.८ गुण आणि ११.१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढले. २००८ मध्ये कॅन्सस स्टेटच्या मायकेल बीझलीने २६.२ आणि १२.४. नुसता कागद बघितला तर बीझली ड्युरंटच्या वरचढ ठरतो. तिघेही पहिल्या तिनात निवडले गेले. पुढे ड्युरंट या खेळातल्या सर्वकालीन महान खेळाडूंत गेला, बीझली संघ बदलत राहिला आणि मॉरिसनची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपली.

कॉलेजात संघाचं सगळं आक्रमण एका मुलाभोवती बांधता येतं. त्याला बॉल हवा तिथे मिळतो, हवे तितके शॉट मिळतात, आणि समोर बऱ्याचदा त्याच्याहून चार इंच बुटका, पुढे बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरी करणारा मुलगा असतो. एनबीएत ते पद संघाच्या एक-दोन जणांनाच मिळतं. बाकीच्यांना महिनाभरात कळतं की आपण आता चौथा पर्याय आहोत. मॉरिसनकडून बॉल काढून घेतला की उरतं काय? पाय जड, डिफेन्स बेताचा. ड्युरंटकडून काढून घेतला तरी जवळजवळ सात फुटांचा, तीन पॉइंटच्या रेषेवर उभा राहून नुसत्या असण्याने डिफेन्स ताणणारा माणूस उरतो.

म्हणून मी कुठल्याही कॉलेज स्टारकडे बघताना मनातल्या मनात त्याच्या हातातला बॉल काढून घेतो. उरेल त्याची किंमत करतो.

मग गुणांच्या सरासरीकडे बघायचंच नाही का?

बघा, पण शेवटी. आधी तो किती मिनिटं खेळतो, संघाचे किती हल्ले त्याच्या हातात संपतात, आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) आणि थ्री (रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) धरून त्याचा एकेक प्रयत्न किती गुणांचा पडतो, हे बघा. त्यानंतर असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं). फॉरवर्डच्या बाबतीत स्टील-ब्लॉकचं प्रमाण मला फार बोलकं वाटतं, कारण ते प्रशिक्षकाने आखून देता येत नाही. त्याला हात, पाय आणि अंदाज तिन्ही लागतात.

२०२१ चा स्कॉटी बार्न्स आठवा. फ्लोरिडा स्टेटमध्ये सरासरी १०.३ गुण, थ्री २७.५ टक्के, बहुतेक सामन्यांत तर तो बाकावरून उठून यायचा. टोरंटोने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. पण पावणेसात फुटांच्या जवळचा हा मुलगा सामन्याला चार असिस्ट देत होता, समोरच्या पॉइंट गार्डला अख्ख्या कोर्टभर धरत होता आणि बाकावर असला की सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

आता याचा उलटा धडा घेऊन प्रत्येक कमी गुणवाल्यात बार्न्स शोधू नका. ती चूकही संघांनी करून झाली आहे.

कॉलेजचा शॉट एनबीएत टिकेल की नाही हे कसं ओळखायचं?

याचं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

कॉलेजच्या मोसमात फॉरवर्ड साधारण शंभर-सव्वाशे थ्री मारतो. शंभर प्रयत्न म्हणजे काहीच नाही. ज्याची खरी लायकी ३५ टक्क्यांची आहे, तो शंभरात नुसत्या नशिबाने ३० वरही अडकू शकतो आणि ४० लाही पोहोचू शकतो. साधं संभाव्यतेचं गणित आहे. ३० म्हटलं की "शॉट नाही", ४० म्हटलं की "शूटर", असा शिक्का आपण मारतो आणि मुलगा मात्र तोच असतो.

अॅरिझोनाचा डेरिक विल्यम्स हे याचं जिवंत उदाहरण. २०१०-११ मध्ये त्याचे थ्री ५६.८ टक्के पडले! पण प्रयत्न किती? ७४. सामन्याला दोनसुद्धा नाहीत. तेही तेव्हाच्या २० फूट ९ इंचांच्या कॉलेज रेषेवरून, बहुतेक पूर्ण मोकळा असताना. मिनेसोटाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. एनबीएतल्या कारकिर्दीत त्याचा आकडा तीस टक्क्यांच्या आसपास राहिला.

म्हणून जाणकार फ्री थ्रो बघतात. तिथे समोर कोणी नसतं, अंतर ठरलेलं, हाताचं वळण उघडं पडतं. ड्यूकमध्ये जेसन टेटमचे थ्री ३४.२ टक्के होते, म्हणजे बरे, पण डोळे दिपवणारे नव्हेत. फ्री थ्रो मात्र ८४.९ टक्के. २०१७ मध्ये बॉस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच मोसमात त्याने ४३.४ टक्के थ्री मारले. हाताला शॉट होता, फक्त कॉलेजात त्याला अवघड जागेवरून मारावे लागत होते.

त्याच बॉस्टनने आदल्या वर्षी त्याच तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला जेलेन ब्राऊन बघा: कॅलिफोर्नियात थ्री २९.४ टक्के आणि फ्री थ्रो ६५.४. फ्री थ्रोच्या नियमाने त्याला नापास करायला हवं होतं. तो दुसऱ्या वर्षी चांगला थ्री मारू लागला आणि २०२४ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू झाला. फ्री थ्रो अजूनही त्याची दुखरी नसच आहे. म्हणजे नियम उपयोगी आहे, पण तो ज्योतिषाच्या पोथीसारखा वापरायचा नाही.

डोळ्यांनी बघायचं तर मी तीन गोष्टी बघतो. पाय आधी तयार होतात की बॉल हातात आल्यावर? कोपर दर वेळी एकाच ठिकाणी असतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लागोपाठ दोन चुकल्यावर तिसरा मोकळा शॉट तो न कचरता घेतो का? जो बॉल हातात धरून क्षणभर रिंगकडे बघतो आणि मग बाजूला पास देतो, त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढतो. एनबीएत त्या क्षणभरात डिफेंडर येऊन उभा राहतो.

कॉलेज आणि एनबीएच्या नियमांतला फरक खरंच एवढा मोठा आहे?

फॉरवर्डसाठी तर फारच. कॉलेजची थ्रीची रेषा आता २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. एनबीएत वर मध्यावर ती २३ फूट ९ इंच, कोपऱ्यात २२ फूट. कॉलेजात शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) ३० सेकंदांचा, एनबीएत २४. रिंगखालचा रंगवलेला पट्टा कॉलेजात १२ फूट रुंद, एनबीएत १६. आणि खरी गोम तिसरीच आहे: एनबीएत कोणालाही धरलेलं नसताना डिफेंडरला त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, कॉलेजात खुशाल राहता येतं.

त्यामुळे कॉलेजात ड्राइव्ह करणारा, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे घुसणारा फॉरवर्ड लोकलच्या दारात चढल्यासारखा आत शिरतो. जागाच नसते. त्याची आतली टक्केवारी खराब दिसली तर आधी त्याच्या सोबतीला शूटर किती होते ते बघा. उलट, आत गर्दी असूनही जो दोन पायांवर थांबून, खांदा देऊन बास्केट काढतो, त्याला एनबीएचं मोकळं रान मिळालं की तो आणखी फुलतो.

उंची, हात, उडी यांतलं काय महत्त्वाचं?

हात. मग पाय. मग उंची. उडी शेवटी.

कॉलेजांनी छापलेल्या उंचीवर विसंबू नका, तिथे बूट आणि अभिमान दोन्ही मोजलेले असतात. २०२५ मध्ये रटगर्सच्या एस बेलीची कॉलेजातली नोंद ६ फूट १० इंच होती. शिकागोच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीची मापं आणि चाचण्या) अनवाणी मोजला तेव्हा ६ फूट साडेसात इंच भरला. अडीच इंच म्हणजे चार नंबरवाला बघता बघता तीन नंबरवाला झाला.

विंगस्पॅन, म्हणजे दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर, हे डिफेन्समध्ये उंचीपेक्षा जास्त कामाला येतं. रिबाउंड आणि ब्लॉक डोक्याने होत नाहीत, बोटांनी होतात. सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड जेमतेम साडेसहा फुटांचा, पण हात सात फूट तीन इंच आणि पसरलेला पंजा सव्वाअकरा इंच रुंद. तो ड्रिबल करणाऱ्याच्या हातातून बॉल काढायचा तेव्हा वाणी फळीवरून डबा उचलतो तसं वाटायचं. इतकं सहज.

डिफेन्स कसा जोखायचा? स्टील-ब्लॉक सोडून आकडे तर काहीच सांगत नाहीत.

एकच पझेशन (बॉल एका संघाच्या ताब्यात असलेला एक हल्ला) नीट बघा. समजा आपला फॉरवर्ड डाव्या कोपऱ्यातल्या शूटरला धरून उभा आहे. वर मध्यावर गार्ड आणि सेंटरचा पिक-अँड-रोल सुरू होतो, म्हणजे सेंटर गार्डच्या डिफेंडरची वाट अडवतो आणि मग रिंगकडे वळतो. सेंटर रिंगकडे वळला की आपल्या माणसाने दोन-तीन पावलं आत येऊन त्याला अंगाने अडवायचं. खांदा लावायचा, बॉल त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. इतक्यात पास कोपऱ्यात निघतो. आता वळून चार-पाच मीटर परत धावायचं, शेवटची दोन-तीन पावलं तोकडी करायची, कंबर खाली, एक हात वर. शूटरने शॉटची हूल दिली तर हवेत उडायचं नाही. त्याने बेसलाइनने (रिंगमागच्या रेषेकडून) ड्राइव्ह केला तर सोबत सरकायचं, आणि शॉट सुटलाच तर मागून येणाऱ्याला पाठीवर घेऊन रिबाउंडला थांबायचं.

हे सगळं पाच-सहा सेकंदांत. यातलं काहीही स्कोअरशीटवर येत नाही. आणि एनबीएत फॉरवर्डला एका रात्रीत हे कैक वेळा करायचं असतं. कॉलेजचा सामना बघताना बॉलवरची नजर काढून फक्त आपल्या मुलाच्या पावलांवर ठेवा. पास निघायच्या आधी त्याची मान फिरते का? एकदा दमल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो का? मी दुसऱ्या हाफची शेवटची आठ मिनिटं खास यासाठी परत बघतो.

झोन खेळणाऱ्या संघांच्या बाबतीत सावध राहा. झोनमध्ये प्रत्येकाला जागा धरायची असते, माणूस नाही. २०१७-१८ मध्ये ड्यूककडे मार्विन बॅगली होता, २१ गुण आणि ११.१ रिबाउंड काढणारा. पण माणसाला माणूस धरायचा डिफेन्स जमेना, म्हणून ड्यूकला मोसमाच्या मध्यात झोनकडे वळावं लागलं. ही बातमी खरं तर ड्राफ्टच्या आधीच सगळं सांगत होती. सॅक्रामेंटोने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पुढे लीगचा मोठा तारा झालेला लुका डॉन्चिच तिसऱ्यावर गेला. हा प्रसंग सॅक्रामेंटोच्या चाहत्यांसमोर काढू नये.

"ट्वीनर" म्हणजे शिवी आहे का?

होती. तीन नंबरसाठी हळू आणि चार नंबरसाठी बुटका, म्हणजे धड ना इकडचा, धड ना तिकडचा. २०१२ पर्यंत हा शब्द ऐकला की मुलगा दुसऱ्या फेरीत घसरायचा. मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं काढलेला ड्रेमंड ग्रीन तसाच घसरला, थेट ३५ वर. गोल्डन स्टेटने त्याच रात्री सातव्या क्रमांकावर हॅरिसन बार्न्स घेतला होता, दिसायला अगदी पुस्तकातला फॉरवर्ड. २०१५ च्या अंतिम फेरीत संघाने आपल्या मोठ्या सेंटरला बाकावर बसवून पावणेसात फूटसुद्धा नसलेल्या ग्रीनला सेंटर केलं आणि विजेतेपद नेलं. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला.

ग्रीनमध्ये आणि बाकीच्या ट्वीनरांमध्ये फरक कुठे होता? तो दोन्ही जागांवर धरू शकत होता. शेवटच्या कॉलेज वर्षात त्याचे १०.६ रिबाउंड आणि ३.८ असिस्ट होते. चार नंबरवाला असे पास देतो तेव्हा कान टवकारायला हवेत. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २०१३ चा अँथनी बेनेट. क्लीव्हलँडने त्याला थेट पहिल्या क्रमांकावर घेतलं. तोही मधल्या मापाचा, पण तीन नंबरला धरायला पाय नाहीत आणि चार नंबरला धरायला ताकद नाही. त्यात खांद्याची शस्त्रक्रिया होऊन आलेला. पहिल्या मोसमात ४.२ गुण, चार वर्षांत चार संघ. मापं जवळपास सारखी असून दोघांचं असं झालं. ट्वीनर शब्दाने काहीच कळत नाही, तो कोणाकोणाला धरू शकतो याची यादी काढा.

वयाचा एवढा बाऊ का करतात?

कारण १८ आणि २२ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. २२ वर्षांचा घोटलेला माणूस १९ वर्षांच्या पोरांना रिंगखाली ढकलून गुण काढतो, त्यात कौतुक कमी आणि वय जास्त. २०१० मध्ये सिराक्यूजचा वेस्ली जॉन्सन चौथ्या क्रमांकावर गेला तेव्हा तेविसाव्याच्या उंबरठ्यावर होता आणि जवळजवळ पूर्ण पिकलेला होता. फ्रेस्नो स्टेटचा पॉल जॉर्ज त्याच रात्री दहावा गेला, वीस वर्षांचा. पुढे मोठा तारा जॉर्ज झाला, जॉन्सन नाही.

पण "फ्रेशमन" (कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा), "सोफोमोर" (दुसऱ्या वर्षाचा) या शब्दांनी फसू नका, जन्मतारीख बघा. २०२१ मध्ये ऑरलँडोने गॉन्झागाचा फ्रेशमन गार्ड जेलेन सग्ज आणि मिशिगनचा सोफोमोर फॉरवर्ड फ्रान्झ वाग्नर असे दोघे घेतले. वर्षाने मोठ्या इयत्तेतला वाग्नर प्रत्यक्षात सग्जपेक्षा जवळपास तीन महिन्यांनी लहान. आणि कूपर फ्लॅगने ड्यूकचा मोसम सुरू केला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. १९.२ गुण, ७.५ रिबाउंड, ४.२ असिस्ट हे आकडे बारावीच्या वयाच्या मुलाचे आहेत हे ध्यानात घेतलं की मग त्यांचं वजन कळतं.

वयस्कर फॉरवर्ड वाईट असतो असं मात्र नाही. जो संघ आज जिंकायच्या तयारीत आहे त्याला २२ वर्षांचा तयार माणूस परवडतो. २०२३ मध्ये मायामीने यूसीएलए या कॉलेजात चार वर्षं खेळलेला हायमे हाकेझ १८ वा घेतला आणि तो पहिल्याच वर्षी नवोदितांच्या पहिल्या पाचात आला.

शिकागोच्या कम्बाइनमध्ये उंच उडी मारली की नंबर वर जातो का?

थोडासा. मापं घ्यायला ती उत्तम जागा, बाकी तमाशा. २००७ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत ड्युरंटला १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा बार एकदाही उचलता आला नव्हता. लोक हसले होते.

मार्च मॅडनेसमध्ये चमकलेल्या फॉरवर्डचं काय?

मार्च मॅडनेस म्हणजे कॉलेजांची मार्चमधली राष्ट्रीय बाद स्पर्धा, तिथे विजेता संघसुद्धा साधारण सहा सामने खेळतो. सहा सामन्यांवरून लग्न ठरवू नये. मला त्यात एकच गोष्ट कामाची वाटते: समोर तोडीचा, लांब हातांचा फॉरवर्ड आला तेव्हा याचं काय झालं. मोसमभरात असे सामने पाच-सात मिळतात. तेवढेच वेगळे काढून बघितले तरी बरंच कळतं.

दुखापतींचा अंदाज बांधता येतो का?

डॉक्टरांनाही पुरता येत नाही, आपण कोण? झायन विल्यमसन २०१९ मध्ये ड्यूकसाठी ६८ टक्के शॉट टाकत होता. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच मिनिटात त्याचा बूट फाटून पाय बाहेर आला ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. एवढं वजन आणि एवढी उडी एकत्र म्हणजे गुडघ्यांवर काय भार येत असेल याची धास्ती तेव्हाही होती, आणि पुढे त्याचे मोसमच्या मोसम दुखापतींनी खाल्ले. तरी मी न्यू ऑर्लिन्सच्या जागी असतो तर त्यालाच घेतला असता. जबारी पार्करच्या बाबतीत तर काही इशाराही नव्हता: २०१४ चा दुसरा क्रमांक, आणि डाव्या गुडघ्याचा तोच लिगामेंट दोनदा फाटला. याला मूल्यमापनाची चूक म्हणणं अन्याय आहे.

आता मुलं कॉलेजात जास्त थांबतात असं ऐकलं. ते का?

पैसा. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. पूर्वी दुसऱ्या फेरीत जाण्याची शक्यता असलेला मुलगा "नशीब अजमावतो" म्हणून उडी मारायचा. आता त्याला कॉलेजातच त्याहून जास्त मिळू शकतं. यूएबी या कॉलेजचा यॅक्सेल लेंडेबोर्ग २०२५ च्या ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन मिशिगनला गेला.

आपल्यासारख्या बघणाऱ्यांना यामुळे काम वाढलंय. एकच फॉरवर्ड तीन वर्षांत तीन कॉलेजांकडून खेळतो, तीन वेगळ्या पद्धतींत. त्याचा फायदा एवढाच की बॉल जास्त मिळाला तेव्हा तो कसा होता आणि कमी मिळाला तेव्हा कसा, हे दोन्ही समोर येतं.

निवड चुकली की बरोबर, हे कधी ठरवायचं?

निदान चार वर्षं थांबा. न्यू मेक्सिको स्टेटचा पास्कल सियाकाम २०१६ मध्ये २७ वा गेला. कॅमेरूनमध्ये बास्केटबॉलला त्याने हात लावला तोच उशिरा. पहिली दोन वर्षं तो नुसता धावत होता असं म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या वर्षी लीगमधला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू आणि टोरंटोच्या विजेत्या संघाचा दुसरा खांब. २०१४ चा पहिला क्रमांक अँड्रू विगिन्स उलटा: सात-आठ वर्षं "वाया गेला" म्हणून बोलणी खाल्ली, मग २०२२ च्या अंतिम फेरीत टेटमला धरायचं काम त्याच्याकडे आलं आणि गोल्डन स्टेट जिंकलं. कॅन्ससमध्ये असताना त्याच्यात हेच दिसत होतं, पण पहिल्या क्रमांकाकडून लोकांना डिफेन्स नको असतो, तीस गुण हवे असतात.

यात भारताचा काही संबंध?

कॉलेज फॉरवर्डच्या रस्त्याने अजून कोणी भारतीय गेलेला नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा घेतला, पण तो सेंटर होता आणि कॉलेज न करता आला. एनबीएचा सामना त्याला मिळाला नाही. आपल्या जवळचा धागा म्हणजे सॅक्रामेंटो किंग्ज. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे त्यांचे मालक. २०१९ च्या ऑक्टोबरात हाच संघ वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध खेळला आणि पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ ने हरला. त्यामुळे बॅगलीच्या निवडीवर बोलताना आपल्याकडे जरा घरच्यासारखं दुःख होतं. त्याच संघाने २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर आयोवाचा कीगन मरे घेतला, एकविशी ओलांडलेला, आणि नवोदिताने एका मोसमात सर्वाधिक थ्री मारण्याचा तोवरचा विक्रम त्याने २०६ थ्रींसह मोडला.

भारतात बसून हे सामने बघायचे कसे?

तिकडचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, मार्चच्या मध्यापासून साडेचारला. मी आठवड्याला एकच सामना आणि सामन्यात एकच खेळाडू असं ठेवलंय. हातात वही, पानाला मधोमध रेघ. डावीकडे बॉल हातात असताना काय केलं, उजवीकडे नसताना काय केलं. गुण लिहायचेच नाहीत, ते नंतर कुठेही मिळतात. पहिल्या-दुसऱ्या सामन्यात उजवी बाजू कोरी राहील, कारण नजर सारखी बॉलमागे जाते. तिसऱ्यापासून भरायला लागते. हायलाइटच्या क्लिप बघून मत बनवू नका, त्यात चुकलेला शॉट कोणी घालत नाही.

तुमचा सगळ्यांत चुकलेला अंदाज कोणता?

२०११. डेरिक विल्यम्स दुसरा गेला तेव्हा मी छातीठोकपणे सांगत होतो की या ड्राफ्टमधला सर्वोत्तम फॉरवर्ड हाच. ते ५६.८ टक्के डोक्यात भिनले होते. त्याच रात्री १५ व्या क्रमांकावर इंडियानाने लेनर्ड घेतला आणि लगेच जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला देऊन टाकला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात लेनर्डचे थ्री २९ टक्के होते. पुढे त्याने दोन वेगवेगळ्या संघांना विजेतेपद मिळवून देताना अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू हा मान दोनदा घेतला. ती वही अजून आहे. लेनर्डच्या पानावर उजवी बाजू पार तळापर्यंत भरलेली आहे, समासातसुद्धा लिहिलंय. आणि खाली माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित करून: "शॉट नाही. सोडा."